घरातील ग्लुकोमीटर : आकड्यावर विश्वास किती ठेवावा?

मधुमेह म्हणजे काय हे आता आपल्या वस्तीत कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. प्रत्येक गल्लीत, किंबहुना प्रत्येक दोन-तीन घरांत 'शुगर' असलेले एखादे माणूस आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे रक्तातील साखर मोजणारे छोटे यंत्र, म्हणजेच ग्लुकोमीटर, अनेक घरांत येऊन पोहोचले आहे. बोट टोचायचे, थेंबभर रक्त पट्टीला लावायचे आणि पाच-दहा सेकंदांत आकडा वाचायचा. "आज एकशे बेचाळीस आली" असे म्हणून आपण यंत्र डबीत ठेवून देतो.

परंतु हे एकशे बेचाळीस म्हणजे नेमके एकशे बेचाळीसच असते काय? शेजारच्या घरातील यंत्राने त्याच वेळी एकशे साठ दाखविले तर खरे कोणाचे मानावे? प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. आम्ही वैद्यकीय व्यवसायातील नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतील नोकरी एवढीच आमची शिदोरी आहे. मात्र आकडा कोठून आला, तो कशाशी ताडून पाहिला आणि त्यात किती फरक चालतो, हे विचारण्याची सवय आम्हाला कामानेच लावली आहे. तीच सवय येथे उपयोगी पडावी ही अपेक्षा. औषध किती व कोणते घ्यावे हे सांगणे डॉक्टरांचे काम असून या लेखात ते कोणीही शोधू नये.

थोडा पूर्वेतिहास

घरच्या घरी रक्तातील साखर मोजण्याची सोय फार जुनी नाही. त्यापूर्वी लघवी तपासली जात असे. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शोधलेल्या निळ्या द्रावणात लघवीचे काही थेंब टाकून ते उकळायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटेसारखा लाल झाला तर साखर वाढत्या प्रमाणात आहे, असे समजायचे. आपल्याकडील अनेक वडीलधाऱ्यांनी ही परीक्षानळी पाहिलेली असेल. या पद्धतीत मोठी उणीव होती. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती लघवीत फारशी उतरत नाही. म्हणजे साखर थोडी वाढली तर कळत नसे, आणि धोकादायकरीत्या कमी झाली तर मुळीच कळत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाने त्रस्त होते. १९५६ साली त्यांचे महापरिनिर्वाण झाले, त्या काळापर्यंत घरात रक्तशर्करा मोजण्याचे यंत्र जगात कोठेच नव्हते.

१९६० च्या दशकात अमेरिकेतील एम्स कंपनीने रक्ताचा थेंब लावून रंग पाहण्याची पट्टी काढली. १९७० च्या सुमारास त्या रंगाचे मोजमाप करणारे यंत्र आले. ते किलोभराहून अधिक वजनाचे, महागडे आणि केवळ डॉक्टरांसाठी होते. न्यूयॉर्कमधील रिचर्ड बर्नस्टाइन हे मधुमेही अभियंता होते. त्यांनी हे यंत्र डॉक्टर असलेल्या पत्नीच्या नावे मिळविले व घरी दिवसातून अनेक वेळा साखर मोजण्याचा प्रयोग स्वतःवर केला. पुढे ते स्वतःच वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाले. १९८७ साली पेनाच्या आकाराचे, विद्युत्प्रवाहावर चालणारे यंत्र बाजारात आले आणि आजच्या ग्लुकोमीटरचा मार्ग मोकळा झाला.

यंत्र काय मोजते?

पट्टीच्या टोकाशी एक विकर, म्हणजे एन्झाइम, लावलेले असते. रक्तातील ग्लुकोजशी त्याची रासायनिक क्रिया होऊन अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह यंत्र मोजते आणि त्यावरून साखरेचा अंदाज बांधते. म्हणजे यंत्र साखर थेट मोजत नाही, प्रवाह मोजून हिशेबाने साखर सांगते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निघते : खरे मोजमाप पट्टीवर होते. यंत्र कितीही चांगले असले तरी पट्टी बिघडली की आकडा बिघडला.

दुसरी गोष्ट अशी की प्रयोगशाळेत शिरेतून रक्त घेऊन त्यातील पेशी वेगळ्या करतात व उरलेल्या द्रवातील, म्हणजे प्लाझ्मातील, साखर मोजतात. बोटाच्या थेंबात पेशीही असतात. अखंड रक्तापेक्षा प्लाझ्मातील साखर साधारण ११ टक्के अधिक भरते. आजची बहुतेक यंत्रे हा फरक आपणच मिळवून प्लाझ्माच्या हिशेबाने आकडा दाखवितात. आपले यंत्र तसे आहे की नाही हे सोबतच्या माहितीपत्रकात पाहावे.

अचूकतेचे माप

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. घरगुती यंत्राकडून किती अचूकतेची अपेक्षा ठेवावी याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा क्रमांक १५१९७. २००३ सालच्या मानकानुसार साखर ७५ किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा २० टक्क्यांपर्यंतचा फरक चालत असे. २०१३ साली नियम कडक झाला. तो असा : साखर १०० किंवा अधिक असेल तर शंभरातील किमान ९५ आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत असावेत. १०० पेक्षा कमी असेल तर ते १५ मिलिग्रॅमच्या आत असावेत. (येथील सर्व आकडे दर डेसिलिटर रक्तामागे मिलिग्रॅम असे समजावेत.)

याचा अर्थ उदाहरणाने पाहू. खरी साखर २०० असेल तर १७० पासून २३० पर्यंतचा कोणताही आकडा मानकात बसतो. खरी साखर १०० असेल तर ८५ ते ११५. खरी साखर ६० असेल तर ४५ ते ७५. शेवटचे उदाहरण वाचकांनी नीट पाहावे. साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजली जाते. म्हणजे खरी साखर ६० असताना नियमात बसणारे यंत्रसुद्धा ७५ दाखवू शकते आणि रुग्ण निर्धास्त राहू शकतो.

आता शेजाऱ्याच्या यंत्राचा प्रश्न सुटतो. समजा खरी साखर १७५ आहे. एका यंत्राने १६० दाखविले, दुसऱ्याने १९०. दोन्हींत ३० चा फरक, तरीही दोन्ही खऱ्या आकड्यापासून ९ टक्क्यांच्या आतच आहेत. दोन्ही यंत्रे नियमात बसतात. म्हणून दोन घरगुती यंत्रे एकमेकांशी ताडून त्यांतले एक खोटे ठरविणे ही तुलनेची चुकीची रीत होय. दोघांनाही प्रयोगशाळेच्या आकड्याशीच ताडले पाहिजे.

प्रत्येक चूक सारखीच घातक नसते, हेही लक्षात घ्यावे. खरी साखर ३०० असताना यंत्राने २६५ दाखविले तर उपचारात फारसा फरक पडत नाही. पण खरी ५५ असताना १२० दाखविले तर जिवावर बेतू शकते. हा विचार करून अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठातील क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली एक आलेख मांडला. त्यात यंत्राच्या चुकांची पाच विभागांत वर्गवारी केली होती : निरुपद्रवी चुकांपासून ते उलटा उपचार करायला लावणाऱ्या चुकांपर्यंत. पुढे अशाच धर्तीचा सुधारित आलेख आला आणि २०१३ च्या मानकात त्याचा समावेश झाला.

चुकीचे दोन प्रकार

बँकेतील रोखपालाच्या कामात फरक दोन प्रकारचा येतो. कधी रोज एकाच बाजूला, तेवढाच फरक येतो. कधी एक दिवस जास्त तर दुसऱ्या दिवशी कमी, असा विस्कळीत फरक येतो. यंत्राचेही तसेच आहे. समजा खरी साखर १५० असताना एक यंत्र लागोपाठ १६४, १६५, १६६, १६५ असे दाखविते. ते सातत्याने दहा टक्के अधिक सांगते, पण आपल्या बोलण्याला पक्के आहे. दुसरे यंत्र १३२, १६९, १४३, १५६ असे दाखविते. त्याची सरासरी बरोबर १५० येते, पण एका आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

साखर महिन्यागणिक वाढते की घटते एवढेच पाहायचे असेल तर पहिले यंत्र बरे, कारण त्याचा कल समजतो व डॉक्टर त्याचा फरक जमेस धरू शकतात. रोज आकडा पाहून इन्शुलिनची मात्रा ठरविणाऱ्यांसाठी मात्र दोन्ही प्रकारच्या चुका कमी असलेलेच यंत्र हवे. चांगले यंत्र कोणते याचे उत्तर असे वापरणाऱ्याच्या गरजेवर अवलंबून असते.

यंत्रांची प्रत्यक्ष तुलना

अमेरिकेतील डायबिटीज टेक्नॉलॉजी सोसायटी या संस्थेने तेथील बाजारात मिळणाऱ्या १८ यंत्रांची तपासणी करवून घेतली व तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. यंत्रे दुकानांतून विकत घेतली होती आणि प्रत्येकाची तीन स्वतंत्र अभ्यासांत परीक्षा झाली. ९५ टक्के आकडे १५ टक्क्यांच्या, अथवा कमी साखरेत १५ मिलिग्रॅमच्या, आत असणे ही कसोटी होती. १८ पैकी केवळ ६ यंत्रे तिन्ही परीक्षांत उत्तीर्ण झाली. बारा यंत्रे विक्रीची परवानगी मिळालेली असूनही नापास झाली!

विशेष म्हणजे उत्तीर्ण झालेल्यांत काँटूर नेक्स्ट, अक्यु-चेक अविवा प्लस यांसारख्या मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांबरोबरच तेथील वॉलमार्ट या दुकानसाखळीच्या स्वतःच्या नावाने विकले जाणारे यंत्रही होते. किंमत जास्त म्हणजे अचूकता जास्त असा सरळ हिशेब नसतो, हे यावरून दिसते. ही तपासणी अमेरिकेतील बाजाराची असल्यामुळे तिचा निकाल आपल्याकडील दुकानांतील यंत्रांना जसाच्या तसा लावता येणार नाही. परंतु परवाना मिळाला म्हणजे काम संपले असे नाही, विक्रीनंतरही तपासणी चालू राहिली पाहिजे, हा धडा सर्वत्र लागू आहे.

आपल्याकडे यंत्र स्वस्त आणि पट्ट्या महाग असा प्रकार आहे. म्हणून घेताना यंत्राची किंमत न पाहता वर्षभराच्या पट्ट्यांचा हिशेब करावा. समजा पट्टी वीस रुपयांची असून दिवसातून एकदा तपासायचे असेल तर वर्षाला ७,३०० रुपये लागतात. ज्या कुटुंबाला एवढा खर्च झेपत नाही त्यांनी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगून आठवड्यातील कोणते दिवस व कोणत्या वेळा तपासायच्या हे ठरवून घ्यावे. संकोचाने गप्प राहून मुदत संपलेल्या पट्ट्या वापरणे हे काटकसरीत मोडत नाही.

आकडा बिघडतो कोठे?

यंत्र उत्तम असूनही आकडा चुकतो, तो पुढील कारणांनी :

१. हात न धुणे. द्राक्ष, संत्रे, केळे हाताळलेल्या बोटावर फळाची साखर राहते आणि आकडा कितीतरी वर जातो. नुसत्या स्पिरिटच्या बोळ्याने ती पुरेशी जात नाही. साबणाने हात धुऊन कोरडे करावेत. ओल्या बोटाने रक्त पातळ होऊन आकडा खाली येतो.

२. पट्ट्यांची हेळसांड. डबीत ओलावा शोषणारा पदार्थ असतो. डबी उघडी राहिली, पावसाळ्यात दमट हवा लागली किंवा पत्र्याच्या घरात उन्हाळ्यात ती तापली की पट्टी खराब होते. बहुतेक पट्ट्या ३० अंश सेल्सिअसच्या आत ठेवायच्या असतात. पट्ट्या दुसऱ्या डबीत काढून ठेवू नयेत.

३. बोट पिळणे. फार दाबल्यास रक्तात ऊतींमधील पाणी मिसळते. हात खाली सोडून, कोमट पाण्याने धुऊन थेंब आपसूक येऊ द्यावा.

४. अपुरा थेंब. एकदा कमी रक्त लावून पुन्हा वर थेंब घालण्यापेक्षा नवीन पट्टी घ्यावी, माहितीपत्रकात तशी परवानगी असेल तरच अपवाद.

५. अन्य पदार्थ. क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा काही पट्ट्यांना फसविते. याहून गंभीर प्रकार विशिष्ट विकर वापरणाऱ्या पट्ट्यांचा आहे. पोटातून डायलिसिस करताना वापरल्या जाणाऱ्या आयकोडेक्स्ट्रिन द्रावणातून तयार होणारी माल्टोज ही साखर या पट्ट्यांना ग्लुकोज वाटते. प्रत्यक्षात साखर कमी असताना आकडा जास्त येतो, त्यावर इन्शुलिन दिले जाते आणि रुग्ण दगावतो. १९९७ ते २००९ या काळात अशा १३ मृत्यूंची नोंद अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे झाली व २००९ साली त्याने जाहीर इशारा दिला. डायलिसिसच्या रुग्णांनी आपली पट्टी डॉक्टरांना दाखविल्यावाचून वापरू नये.

रक्तक्षय आणि सिकलसेल

हा मुद्दा आम्ही मुद्दाम वेगळा काढला आहे, कारण तो आपल्या घरांशी निगडित आहे. रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण कमी असेल तर पट्टीवर प्लाझ्मा अधिक सहज पसरतो आणि यंत्र साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखविते. पेशी जास्त असतील तर उलट घडते. नवी यंत्रे ही चूक काही प्रमाणात दुरुस्त करतात, सगळी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील देशातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तेव्हा हा प्रश्न मूठभरांचा नाही.

प्रत्येक पट्टीच्या माहितीपत्रकात 'हिमॅटोक्रिट' या शब्दापुढे एक मर्यादा छापलेली असते, उदाहरणार्थ ३० ते ५५ टक्के. हिमोग्लोबिनच्या आकड्याला ३ ने गुणले की हिमॅटोक्रिटचा ढोबळ अंदाज येतो. एखाद्या भगिनीचे हिमोग्लोबिन ८ असेल तर तो सुमारे २४ येतो. म्हणजे वरील मर्यादेची पट्टी तिच्यासाठी नाहीच. तिचा वाढीव आकडा पाहून गोळी वाढविली तर साखर एकदम खाली जाऊन ती घरकाम करता करता चक्कर येऊन पडू शकते.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणीही येथे पूर्ण साथ देत नाही. लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात ती खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकते. सिकलसेल आजारात तांबड्या पेशी लवकर मरतात, म्हणून ती कमी येऊन खोटा दिलासा देते. विदर्भात आदिवासी तसेच बौद्ध व अन्य अनुसूचित जातींच्या कुटुंबांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. ज्या घरात हा आजार किंवा त्याचा वाहक आहे, त्यांनी मधुमेहाच्या तपासणीपूर्वी डॉक्टरांना व प्रयोगशाळेला तसे सांगावे. अशा वेळी शिरेतून घेतलेल्या रक्तातील प्लाझ्माची तपासणी अधिक विश्वसनीय ठरते.

घरच्या यंत्राची परीक्षा कशी घ्यावी?

एरवी प्रयोगशाळेत जायचेच असते, त्या दिवशी आपले यंत्र सोबत न्यावे. उपाशीपोटी जावे. जेवणानंतर बोटातील रक्तात शिरेतील रक्तापेक्षा साखर मुळातच जास्त असते, त्यामुळे तेव्हाची तुलना दिशाभूल करते. शिरेतून रक्त घेतल्यावर पाच मिनिटांच्या आत, हात धुऊन, बोटाचे रक्त तपासावे व आकडा वेळेसह लिहून ठेवावा.

अहवाल आल्यावर हिशेब सोपा आहे. यंत्राच्या आकड्यातून प्रयोगशाळेचा आकडा वजा करावा, उत्तराला प्रयोगशाळेच्या आकड्याने भागावे व १०० ने गुणावे. यंत्र १४२, प्रयोगशाळा १२८, फरक १४. म्हणजे सुमारे ११ टक्के, यंत्र मर्यादेत आहे. विद्यार्थ्यांनी आपल्या आजी-आजोबांसाठी हा हिशेब अवश्य करून द्यावा. शाळेतील शेकडेवारीचा याहून चांगला उपयोग कोणता?

एका तुलनेवरून निकाल देऊ नये. तीन-चार वेळा फरक १५ टक्क्यांहून अधिक व एकाच बाजूला आला तर यंत्राच्या कंपनीकडे विचारणा करावी. ते तपासण्यासाठी 'कंट्रोल' नावाचे द्रावण मिळते. त्याचा आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत यावा लागतो.

प्रयोगशाळेचा आकडाही निर्दोष असतोच असे नाही. नळीतील रक्त तसेच पडून राहिले तर पेशी त्यातील साखर खात राहतात आणि ती तासाला साधारण ५ ते ७ टक्क्यांनी घटते. शिबिरात सकाळी घेतलेले रक्त दुपारी प्रयोगशाळेत पोहोचले तर यंत्र जास्त दाखविते असा भास होईल, दोष मात्र उशिराचा असेल. फ्लोराइड घातलेली नळी ही घट रोखते, पण तिचाही परिणाम पूर्णपणे दिसायला तास-दोन तास लागतात. आरोग्य शिबिरे भरविणाऱ्या कार्यकर्त्यांनी रक्त लवकर पोहोचविण्याची व्यवस्था आधीच करावी.

शेवटी लक्षात ठेवण्याजोगे

घरगुती यंत्र मधुमेह आहे की नाही हे ठरविण्यासाठी नाही. ते निदान प्रयोगशाळेतील तपासणीवर डॉक्टरांनीच करावयाचे असते. शिबिरात बोट टोचून आलेल्या एका आकड्यावरून कोणी घाबरून जाऊ नये आणि कोणी निश्चिंतही होऊ नये. निदान झालेल्यांसाठी मात्र हे यंत्र मोठा आधार आहे. वहीत तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, आणि आकडा अशा चार रकान्यांची नोंद ठेवली तर डॉक्टरांना एका आकड्याऐवजी महिन्याचा कल दिसतो.

आकडा आणि शरीर यांचे पटत नसेल तर हात धुऊन पुन्हा तपासावे. घाम, थरथर, धडधड, भोवळ अशी लक्षणे असतील आणि यंत्र ८० किंवा ९० दाखवीत असेल, तर वाद घालत बसू नये. तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठावा.

यंत्राचा आकडा हा अंदाज आहे, पण तो उपयोगी अंदाज आहे. त्याची मर्यादा ठाऊक असलेला माणूस त्याचा योग्य वापर करू शकतो. संस्थेच्या सभासदांनी या वर्षी एवढे जरी केले, की आपल्या घरातील यंत्र एकदा प्रयोगशाळेच्या आकड्याशी ताडून पाहिले, पट्ट्यांच्या डबीवरील मुदत वाचली आणि घरातील स्त्रियांचे हिमोग्लोबिन तपासून घेतले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.